चौथ्या मुडद्याचं घड्याळ

मुलुंडच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये
परवा पुन्हा लावला तो सिनेमा.
सत्तावीस माणसं, मांडवाच्या खुर्च्या,
पंखा बंद, कारण पडदा हलतो.

सिनेमा संपला आणि भांडण सुरू झालं.

कस्टममधून निवृत्त झालेले वैशंपायन म्हणाले,
याला क्लासिक म्हणता? रक्त बघा, रक्त!
कोकमाचं आगळ आहे हो, माशी बसलीय त्यावर.
मिठागरातून मुडदे उठतात, ठीक, उठू देत,
पण चौथ्या मुडद्याच्या मनगटावर घड्याळ?
दिग्दर्शक झोपला होता काय?

शर्वाणी सिनेमावर प्रबंध लिहिते. ती उठलीच.
म्हणाली, घड्याळ म्हणजेच तर सिनेमा आहे हा.
मेल्यावरही हे शहर माणसाला वेळेतून सोडत नाही.
मोबाइलवर तो क्षण थांबवून
दोन बोटांनी तिनं मनगट मोठं केलं.
पावणेचार.
मग पावणेचारचाही अर्थ निघाला.

मागून कोणी म्हणालं, चाल खोटी आहे,
मेलेला माणूस असा चालेल का?
राजावाडीच्या शवागारात तीस वर्षं काढलेले
इक्बाल मुजावर म्हणाले,
चालीचं मला माहीत नाही.
माझ्याकडे कोणी चाललं नाही.
तोंडं मात्र बरोबर आहेत.
कोणावरच राग नसल्यासारखी.

मी इथला शिपाई. चहाचे कप गोळा करत होतो.
सातवा मुडदा मी आहे
हे त्या सत्तावीस जणांत कोणालाच ठाऊक नाही.

त्र्याऐंशी साल. कांजूरचं मिठागर. अकरा रात्री.
रात्रीचे बारा रुपये आणि जेवण.
तोंडाला मैद्याची खळ,
ती वाळली की हसता यायचं नाही
आणि हसू तर सारखं यायचं.
हेमूशेठ ओरडायचे, भुकेले दिसा रे!
त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.
आतडी म्हणून आणलेली वजडी
पहाटे धुऊन, तिखटमीठ लावून तिथंच शिजायची
आणि सगळे मुडदे चिखलात मांडी घालून पंगतीला.
तेवढं मात्र कोणी शूट केलं नाही.

घड्याळ केणीचं.
विक्रोळीला कपाटांच्या कारखान्यात टेंपरवारी,
सकाळची सहाची पाळी,
एक खाडा पडला की नाव कापायचे.
हेमूशेठ म्हणाले, काढ ते.
केणी म्हणाला, शेठ, मेलो तरी काढणार नाही.
आम्ही हसलो, आठ तोंडांवरचा मैदा तडकला,
पुन्हा लावायला अर्धा तास गेला.
हेमूशेठ म्हणाले, राहू दे, अंधारात कोणाला दिसतंय.

बेचाळीस वर्षं सगळ्यांना दिसतंय.

म्हणजे वैशंपायन बरोबर. चूकच ती.
आणि त्या पोरीलाही सांगावंसं वाटलं, बाई, तुझंही खरं आहे.
पण ती लगेच वही काढेल,
आणि केणीची तळटीप होईल.

तोवर शेवटावरून जुंपली होती.
दार उघडतं आणि पडदा काळा.
काय गूढ, म्हणाले काही जण. बाकीचे म्हणाले, फसवलं.
रीळ संपलं होतं. पैसे त्याआधीच.
दारामागे घर नव्हतं, नुसती चौकट रोवलेली,
पलीकडे खाडी
आणि थर्मास घेऊन उभी हेमूशेठची बायको.

काका, तुम्हाला कसा वाटला? कप देताना शर्वाणीनं विचारलं.
म्हटलं, मागून नीट दिसला नाही.
तिला वाईट वाटलं. पुढच्या वेळी पुढे बसा, म्हणाली.

केणी गेला त्यालाही आता नऊ वर्षं होतील.
त्या पहाटे तो खाडीच्या बांधावरून पळत सुटला होता,
तोंड खारट पाण्यानं कसंबसं पुसून,
कानामागे मैदा तसाच.
गेटवरच्या वॉचमननं बॅटरी मारली.
काय रे, कुठून आलास असा?
मयताला गेलो होतो, केणी म्हणाला,
आणि कार्ड पंच केलं.
पाच अठ्ठावन्न.