पेन्सिलीचं थोटूक

ढवळीच्या शेडमध्ये सोयरू च्यारीनं
पुलीवरच्या खाचेत खडू भरला,
दिवा रोखला. लखलख, लखलख.
गरगरणारं चाक उजेडात थिजलं,
पांढरी रेघ जागच्या जागी थरथरत.

“टायमिंग चोख आहे, बाई. आठ अंश.
मग बोरीचा चढ मुकाट चढते
आणि सपाटीवर, हलक्या पायाला,
रडते कशाला?”

आर्मिंदाबाई स्टुलावर, पर्स मांडीवर.
“कायतान गेला तेव्हापासून.”

बोटं कार्बोरेटरपासून
व्हॅक्यूमच्या नळीवरून चाचपत गेली.
पलीकडचं टोक सुटलेलं.
तोंडात बूच: पेन्सिलीचं थोटूक,
बुडाशी दातांचे व्रण.

टायमिंग लावताना नळी बुजवतात.
झालं की बूच काढतात.
मध्येच जेवायची हाक आली असेल.
शीत-कडी. मग दुपारची झोप,
लांबलेली.

“तसंच राहू दे म्हटलं तर?”
“राहील की. अकरा वर्षं राहिलंच.”

बाहेर पाववाल्याचा भोंपू वाजून गेला.
“लाव नळी,” ती म्हणाली,
थोटूक मुठीत.

सोयरूनं जरा रेस दिली.
दिव्यात पांढरी रेघ
किंचित सरकली,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी.