वीस पौंडांत पाच

हल. या शहराचं नाव देवनागरीत लिहिलं
की नांगर होतो, शेतातला.
बंदरातला नांगर वेगळा. तोही आहे इथे,
थिएटरच्या दारात, गंजलेला,
लोक त्यावर सिगारेटी विझवतात.

वीस पौंडांत पाच सिनेमे, शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ.
शेजारची डोरीन म्हणाली,
एकटी गेले की झोप लागते गं मला, तू चल.
दोघी गेलो. तिला झोप लागलीच.

शुक्रवारी दरोड्याचा.
बँक कुठली, कोणी कोणाला दगा दिला,
आत्ता विचाराल तर सांगता येणार नाही.
एक चोर तेवढा लक्षात राहिला.
पळून आल्यावर तो हीटरवर मोजे वाळत घालतो
आणि ते उलटसुलट करत बसतो, पोलीस येईपर्यंत.
गोळीबाराने डोरीन जागी झाली.
"मेला का?"
"नाही अजून. मोजे ओले आहेत."

शनिवारी दुपारी हंगेरीतला, काळापांढरा.
खालच्या इंग्रजी ओळी वाचता वाचता
माणसांचे चेहरेच बघायचे राहत होते,
म्हणून मग ओळी सोडून दिल्या.
एक बाई चार मिनिटं कणीक मळते.
बाकी काही होत नाही.
पाणी जास्त झालंय, बाई,
मी बोलून गेले, मराठीत, चांगलं मोठ्याने.
पुढच्या रांगेतला एक टकल्या वळला
आणि त्याने मान डोलावली,
अगदी कळल्यासारखी.

रात्री भुताचा.
भूत सभ्य, दार वाजवून आत यायचं.
इतकी हसले की डब्यातला चिवडा सांडला.
घरी आले आणि जिन्यातला, मोरीतला, माळ्यावरचा,
होते तेवढे दिवे लावले.
मग मीटरमध्ये उरलेले पैसे आठवले
आणि एकेक विझवत गादीपर्यंत पोचले.
भुताहून मीटर भारी.

रविवारी सकाळी लहान मुलांचा. पास होता, वाया कशाला घालवा!
एका अस्वलाची सावली हरवते.
शेवटपर्यंत सापडत नाही.
अस्वल दुसऱ्यांच्या सावलीत बसायला शिकतं,
झाडाच्या, गाईच्या, एका पोस्टमनच्या.
मागून एक पोरगा म्हणाला, "पण मग रात्री?"
आई म्हणाली, गप्प बस.
तो बसला असेल.
मी अजून तिथेच आहे.

पाचव्याला सिनेमा म्हणावं की नाही कोण जाणे.
याच शहराच्या जुन्या फितींचे तुकडे जोडलेले:
मासेमारीच्या बोटी, बर्फाने जाड झालेले दोर,
धक्क्यावर डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया.
आवाज नाही. नंतर कोणीतरी घातलेला पियानो, उगीच.
डोरीन झोपली नाही.
एक माणूस पाठमोरा, खांद्यावर पोतं.
थांबतो, वाकतो, बुटाची नाडी बांधतो,
उठतो, चौकटीबाहेर जातो.
"तो माझा बाप," ती म्हणाली,
आपली बस आली म्हणावं तशी.

पाठीवरून?
"डावा खांदा उतरलेला. आणि नाडी दोनदा बांधली बघ.
आई चिडायची."

मशीनवरचा कॅलम, असेल बाविशीचा,
म्हणाला, असं करता येत नाही.
मग म्हणाला, कितव्या मिनिटाला?
"पियानो खोकतो ना, तिथे."

रिकाम्या थिएटरात तीनदा लावलं त्याने.
तीनदा तो वाकला,
तीनदा गाठीवर गाठ,
तीनदा बाहेर.
चौथ्यांदा कॅलमने विचारलं तर डोरीन म्हणाली,
राहू दे आता.
उशीर होईल त्याला.

बसमध्ये आम्ही चिवड्याबद्दल बोललो,
शेंगदाणे कमी टाकत जा म्हणाली, दातात अडकतात.

घरी येऊन कणीक भिजवली.
लक्ष नव्हतं.
पाणी जास्त झालं.