पडद्याला पाठ नसते

लोखंडी बॉडीचं काम सोपं.
आपण दाबलं की पलीकडून कुणीतरी दाबतंच.
कापडाचं तसं नाही.
बत्तीस फुटी गाडी, दोन्ही अंगांना पडदे,
निळी ताडपत्री, खाली ओळीनं बकलं.
स्क्वीजी टेकवली की पोट आत घेतल्यासारखी मागं सरते,
आणि विनाइलला सुरकुतायला
एवढं निमित्त पुरतं.

म्हणून रेवण आत.
मी बाहेर, घोड्यावर.

निगडी, ट्रान्सपोर्टनगर, पौषातली सकाळ.
थंडीत गम मरतो.
हीट गन आधी आपल्या बोटांवर, मग ताडपत्रीवर.
आदल्या दिवशी जुनं उपसलं होतं,
सुखदा मसाले, बंद पडली ती कंपनी.
अक्षरं निघाली तरी अक्षरं होती,
गडद निळी, कालच्यासारखी.
स्पिरिट मारलं, थिनर मारलं, मालकाचा पोरगा म्हणाला
अजून घासा.
काय घासू?
तिथं काही लागलेलं नाही बाबा,
तिथं फक्त ऊन लागलेलं नाही.

आता त्यावर बिस्किटवाल्यांचं बाळ.
आठ फुटी तोंड, दोन दात.
मल्लाप्पा ड्रायव्हर चहा घेऊन आला, मान तिरकी करून बघत राहिला.
म्हणाला, डोळा बकलावर आणू नका हो,
माल उतरवताना पट्टा ओढायला
हात होत नाही.
डोळा चार इंच वर घेतला.
मग कानाला जागा कमी पडली. ते चालतं.

पडदा ताणला, टेप लावली, पाठचा कागद
एक एक वीत सोडत गेलो.
आतून रेवणचा पंजा
कापडात उमटायचा, मासा पाण्याखालून जावा तसा,
आणि मी त्याच्यावरून स्क्वीजी ओढायचो.
सात वर्षं असंच.
आमचं बोलणं म्हणजे पत्ते सांगणं:
नाकपुडीपाशी ये.
आलो.
जरा खाली, ओठावर.
हं.
गालाकडं सरक, गालाकडं, अरे तुझ्या नाही, बाळाच्या.

गालावर होतो तेव्हाच
कापड म्हणालं,
दादा, एक तारखेपासून मी नाही.
चाकणला लागलोय.
पीएफ आहे. बस न्यायला येते.

समोरासमोर त्याला जमलं नसतं.
मलाही.
पंजा तिथंच होता, हलला नाही,
माझा हात मात्र थांबला,
आणि हात थांबतो तिथं हवा राहते.
वाटाण्याएवढा फुगा.
टाचणीनं टोचला, अंगठ्यानं दाबला.
बरं झालं म्हणालो.
खरंच म्हणालो. बारा तास उन्हात काय आहे?
मग म्हणालो, कानाकडं ये.
आलो, म्हणाला.

दुसरी बाजू उरलीच होती.
ती दुपारी केली.

हल्ली मी प्लायचा तुकडा वापरतो,
मागं मूठ ठोकलेली, आत एक नवीन पोरगं धरून उभं असतं.
काम होतं. सपाट होतं.
पण प्लाय सगळीकडं सारखाच दाबतो,
त्याला नाक कुठं, ओठ कुठं, माहीत नसतं;
पोरग्याला सांगावं, तर ते
कानात गाणी घालून.

परवा वाघोलीच्या गोडाऊनला ती गाडी दिसली.
दुचाकी बाजूला घेतली, जवळ गेलो.
गालावरचा फुगा परत आलाय.
इतरांना दिसायचा नाही, बाळाला खळी पडलीय असं वाटेल.
अंगठा नेला,
तेवढ्यात हमालानं बकलं सोडली, पडदा ओढला,
डोळा कानात गेला, दात नाकात,
आख्खं बाळ हातभर चुण्यांत गोळा झालं.

आत खोकी.
तळापासून छतापर्यंत,
तो उभा राहायचा तिथंसुद्धा.