पट्टी

कुदुसमध्ये अजानीच्या आधी
लवंगेचा वास जागा होतो.
आम्ही बायका सायकली काढतो,
डब्यात भात, भातावर तळलेलं तेंपे,
फाटकाशी बोटाचा ठसा देऊन
लांबच लांब बाकांवर जाऊन बसतो.

मस्रुका वळते, तिच्या शेजारची टोकं कातरते,
मी पट्टी लावते.
सरकारी छापाची, कडेला सालाचा आकडा,
पाकिटाच्या तोंडावर आडवी.
पट्टी आहे म्हणजे कर भरला,
नसेल तर माल चोरीचा.
आधी खळ, मग अंगठा, मग पुढचं पाकीट.
अकरा वाजेपर्यंत एवढंच.

पाकिटावर चित्र असतं.
गळ्याला भोक पडलेला माणूस.
नव्या मुली पहिल्या दिवशी पाकीट पालथं ठेवतात,
आठवड्यानं सुलटं.
चित्र पहिल्यांदा आलं तेव्हा मी इथेच होते.
हसले होते तेव्हा. असं कुठे असतं का,
म्हणे घशाला खिडकी!

घरी दार्सोनो दुपारची वाट बघत असतो.
त्याच्या खिडकीच्या कडा मी कोमट पाण्यानं पुसते,
जाळीच्या कापडाची नवी पट्टी बांधते,
त्याच अंगठ्यानं.
कितीही धुतला तरी अंगठ्याला लवंग असते.
तो मान वळवत नाही.
पूर्वी म्हणायचा, ऐक कशी तडतडते,
आवाजावरूनच नाव पडलंय तिचं, क्रेतेक.
आता त्याचा स्वतःचा आवाज
भोकावर बोट ठेवल्याशिवाय निघत नाही,
आणि बोट ठेवलं की
पहिल्यांदा मीठ मागतो.

गावात सांगतात, कुणा दमेकऱ्यानं
छातीतली कळ थांबावी म्हणून
तंबाखूत लवंग मिसळली
आणि त्याला बरं वाटलं.
पुढे त्याचं काय झालं
ते कुणी सांगत नाही.

यंदा कर वाढला.
सुपरवायझर म्हणाला, यंत्र रजा मागत नाही,
पट्टी महागली की आधी हातवाले जातात.
मस्रुका डोळ्याला पदर लावायचा तसा
डोक्यावरचा रुमाल लावून रडली.
पाय कुणाच्या पोटावर येतो बघ, म्हणाली,
ज्यांच्या पोटात आधीच काही नाही त्यांच्या.
मी गप्प.
दार्सोनोच्या वॉर्डातलं कफ ओढायचं यंत्र
याच कराच्या पैशातून आलंय,
तशी चिठ्ठीच आहे त्याच्या अंगावर.
चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता.
सवयीनं मी तो अंगठ्यानं दाबला.

गल्लीच्या तोंडाशी टपरीवर
सुट्या सिगारेटी काचेच्या पेल्यात उभ्या असायच्या.
सुट्या विकायच्या नाहीत असा कायदा आला,
पेला बिस्किटांच्या डब्यामागे गेला.
काल झैनुरी आला, सातवीतला, मुठीत एक नाणं.
"आता दोन लागतात," टपरीवाली म्हणाली.
त्यानं मूठ उघडली, परत उघडली,
एकाची दोन होईनात.
जरा वेळ पायानं पाय खाजवत उभा राहिला,
मग तळलेल्या केळ्याचा एक काप घेतला
आणि तेलकट बोटं चाटत निघून गेला.
उद्या दोन नाणी आणेल, मलाही कळतं.
पण काल नव्हती.

दार्सोनोला सांगितलं.
त्यानं बोट उचललं, गळ्यापाशी नेलं.
काय म्हणणार ते मला ठाऊक होतं:
याच्या वयात मी.
बोट तसंच खाली आलं.
नुसता श्वास चालू होता,
पट्टी एकदा वर, एकदा आत.

सोमवारी नव्या सालाच्या पट्ट्या येतील.
रंग वेगळा आहे म्हणतात.
कोण राहणार, कोण नाही,
तेही त्याच दिवशी वाचून दाखवतील.
मी नखं कापून ठेवलीत.