मालदीवहून परतलेली सिस्टर

चौकात फ्लेक्स लागलाय माझा.
वर नगरसेवक, खाली त्यांचे अकरा कार्यकर्ते,
कोपऱ्यात मी, पासपोर्टच्या फोटोतली,
डोळे मिटता मिटता राहिलेली.
‘इंदोऱ्याची लेक सिस्टर निरुपा गजभिये
मालदीव येथे रुग्णसेवा करून परतल्याबद्दल...’
मलावी, मी म्हटलं.
पोट्टा शिडीवरूनच म्हणाला, प्रिंट झालं ना ताई आता,
आणि दोरी आवळली.

सगळे विचारतात, सिंह दिसला काय?
शेळ्या दिसल्या. लाल माती दिसली.
सायकलच्या कॅरिअरला लुगड्यानं बांधलेली म्हातारी,
आणि आमच्या टेबलापासून निघालेली रांग
आंब्याच्या तीन झाडांखालून वळून
मला दिसत नव्हतं तिथपर्यंत गेलेली.

तीन आठवडे. रजा बिनपगारी.
आईनं दिलेली सांडगी मिरची
तिथल्या ऑफिसरनं हुंगली, शिंकला, जाऊ दिली.

चौथ्या दिवशी एक बाई लेकरू घेऊन आली.
बोलली नाही काही.
त्याचा पंजा फक्त माझ्यासमोर धरला,
बोटं वाटाण्याच्या शेंगांसारखी टरारलेली.
दुभाषा जेवायला गेलेला.
मी पोट चाचपलं, डाव्या बरगडीखाली
प्लीहा हाताला लागली.
पापणी ओढली. आत हळद.

मला भाषा लागली नाही.
हे मी नर्सिंगच्या पुस्तकाआधी शिकले होते,
आमच्या टिनाच्या खोलीत,
सुगत गुडघे छातीशी घेऊन
रात्र रात्र भिंतीकडे तोंड करायचा तेव्हा.
बाबा म्हणायचे, शाळेत जायचं नाही म्हणून नाटकं.
मीही म्हणायची.
तेरा वर्षांची होते. सकाळी भूगोलाचा पेपर होता,
आफ्रिका खंड, नद्या व सरोवरे.
मी वहीतून मान वर न करता म्हटलं,
हळू कण्ह ना रे.

सिकलसेल हा शब्द आमच्या घरी
तो गेल्यावर दोन वर्षांनी आला,
शिबिरातल्या पिवळ्या कार्डावर, माझ्या नावासमोर: वाहक.

एवढाले समुद्र मध्ये,
आणि रक्तातली पेशी दोन्हीकडे तशीच वाकते,
धानाच्या विळ्यासारखी.

मी हातवारे करून सांगितलं, पाणी पाज,
दिवसभर पाजत राहा.
विहीर किती लांब, हे मी नंतर विचारलं.
गोळ्या मोजल्या. नऊ दिवसांच्या निघाल्या.
बाईनं त्या पदराच्या गाठीत बांधल्या
(पदर नव्हता तो, पण गाठ तीच)
आणि लेकराच्या गुडघ्यावर हात ठेवून एकच शब्द बोलली.
कुप्वेतेका.
दुखतं, दुभाषानं सांगितलं, ओठ पुसत.
ती तोवर रस्त्याला लागली होती.

परत आल्यावर मेट्रननं सर्टिफिकेटची झेरॉक्स मागितली,
आणि सलग सहा रात्रपाळ्या लावल्या.

मेडिकल. रात्रीचे तीन.
भिवापूरकडचं पोरगं, अकरा-बारा वर्षांचं,
पलंगाच्या दांडीला धरून.
त्याची माय म्हणते, हाडं कुरतडून राह्यलं म्हणते जी.
मी सलाईनचा थेंब जुळवते, वाकते,
आणि तोंडातून भलताच शब्द निघतो:
कुप्वेतेका?
ती चमकत नाही, अर्थ विचारत नाही.
हो जी, म्हणते. लय.

पोरगं शेजारच्या खाटांकडे बघतं,
झोपलेल्यांना उठवायचं नाही म्हणून
चादरीचं टोक दातात धरतं.

मी स्टूल ओढते.
चार्ट भरायचा राहू दे.
चादर सोडवून घेते त्याच्या दातांतून.
मोठ्यानं कण्ह रे, म्हणते,
उद्या कुणाचाच पेपर नाही.