परिपत्रकात टोपीचा उल्लेख नाही

'समारंभीय गणवेशात, सकाळी सहा पन्नासला, साकेत मैदानावर.'
खाली सही, सहीवर शिक्का,
टोपीबद्दल अक्षर नाही.

कोपरीतलं माझं दुकान: झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो.
शटर अर्धं ओढून
काउंटरवर तिन्ही मांडून बसले आहे.

पहिली पीक-कॅप. चौबळ साहेबांची.
ते गेल्यावर वहिनींनी खारकर आळीतून पाठवली,
साडीच्या खोक्यात, डांबराच्या दोन गोळ्यांसह.
घातली की भुवयांवर उतरते,
मागून अंबाडा तिला ढकलत राहतो.
ही टोपी बेतली तेव्हा
अंबाडा कुणाच्याच डोक्यात नव्हता.

दुसरी बेरेट. गडद निळी,
जांभळी नाक्यावर सव्वादोनशेला घेतलेली.
तुकडीत कुणाची डोशासारखी पसरते,
कुणाची पापडासारखी उभी राहते.
अल्ताफ मुकादम सांगतो, मॅडम, गरम पाण्यात बुडवा
आणि डोक्यावरच सुकवा.
मग ती तुमचं ऐकेल.

तिसरं हेल्मेट. पिवळं.
ते धरायलाच नको, समारंभाचं नव्हेच ते.
तरी मांडलंय.

डिव्हिजनल वॉर्डनना फोन केला.
म्हणाले, मागच्या साहेबांना पीक-कॅप आवडायची,
त्याआधीच्यांना बेरेट.
नवे साहेब अजून कुणाला कळलेले नाहीत.
तुम्ही दोन्ही घेऊन या, वैती मॅडम.
डोकं एकच आणलं तर चालेल ना, सर?
ते हसले नाहीत.

थोरला म्हणतो, पगार नाही, पेन्शन नाही,
धुलाई भत्ता तोही दोन वर्षं थकलेला.
आई, तुला सरकारने टोपीच घातलीय.
मी म्हटलं, हो रे,
पण कुठली, ते परिपत्रकात नाही.

हेल्मेटला उजवीकडे तडा आहे.
कळव्याला इमारतीची मागची बाजू बसली, त्या रात्रीचा.
स्लॅबखाली एक मुलगा होता, आठवी-नववीतला,
वरून खडी गळत होती.
मी पोटावर सरकत गेले, माझं हेल्मेट काढून
हात लांबवून त्याच्या डोक्यावर ठेवलं.
कटर येईपर्यंत तो सांगत राहिला,
उद्या गणिताचा पेपर आहे, उद्या गणिताचा.
तो निघाला.
त्याचा बाप नंतर निघाला, चादरीतून.

उघड्या डोक्याने सॅल्यूट करायचा नाही, असा नियम आहे.
नुसतं सावधान व्हायचं.
मी झाले.
मुठी बंद, अंगठे शिवणीवर.
उजवा हात कोपरातून सुटला होता, वर निघाला होता,
मी त्याला खाली दाबून धरला.
चादर माझ्यासमोरून गेली, रुग्णवाहिकेत गेली,
दार लागलं.

उद्याचं पदक त्याचं नाही.
ते पंधरा वर्षांच्या सेवेचं,
एकोणिसाव्या वर्षी मिळतंय.

साडेनऊ.
किटलीचं पाणी बादलीत ओतून बेरेट बुडवली.
रंग सुटला, जरासा.
अंबाडा सोडून खाली मानेवर बांधला,
बेरेट पिळली, घातली, उजवीकडे कानावर ओढली,
बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर. हे अल्ताफनेच शिकवलेलं.
चौबळ साहेबांची कॅप खोक्यात परत.
वहिनींना काय सांगायचं, ते उद्या बघू.
हेल्मेट खिळ्यावर, दाराशी, नेहमीच्या जागी.
रात्री फोन आला तर तेच लागणार.

फोटोसाठी लोक भांग सारखा करतात
त्या आरशासमोर उभी राहिले.
कानामागून निळं पाणी कॉलरवर उतरतंय,
उद्यापर्यंत डाग निघायला हवा.
हात वर नेला.
कोपर खांद्याच्या रेषेत, बोटं भुवईशी.

शटरखालून वाकून एक मुलगी आत बघते,
काकू, हॉल तिकीट आहे, दोन झेरॉक्स.

देते, म्हटलं.
थांब थोडी.
हात अजून खाली आलेला नाही.