खोगीरभरती

सिरिल फेलोज सीट घेऊन आला
जुन्या चादरीत गुंडाळून, काखेत,
आजारी कोंबडं आणावं तशी.

वॉल्सॉलमध्ये आता आम्ही खोगीरवाले
एका टेबलाभोवती मावू एवढेच.
म्हणाले, मोटरसायकलचं काम मी करत नाही.
म्हणाला, घोडाच समज की.
बर्मिंगहॅमचा आहे, एकसष्ट सालचा,
लाथ घातल्याशिवाय उठत नाही.

मला हसू आलं. तिथंच फसले.

सपाट कर, म्हणाला. एकट्यापुरती.
मागं कोणी बसत नाही आता.

रात्री रेक्झिन उसवलं.
चिकटपट्टीचे चार थर, खाली पाचवा,
तो मात्र कुणीतरी कात्रीनं नीट गोल कापलेला.
मग फोम, शिळ्या पावासारखा,
बोट लावलं की चुरा.
त्यात दोन खळगे.
पुढचा मधोमध, सरळ.
मागचा डावीकडं सरकलेला,
चांगला दोन बोटं.

घोड्याची पाठ सोलवटली
की मालक घोड्यालाच शिव्या घालतो.
माझे वडील खोगीर उलटं करायचे,
पोटातल्या लोकरीत हात घालून चाचपायचे
आणि मालक गेल्यावर म्हणायचे,
घोडा वाकडा नाही, बसणारा वाकडा.
हे तोंडावर बोलायचं नसतं.
एका अंगाला मूठभर लोकर जास्त भरायची,
पैसे घ्यायचे, गप्प बसायचं.

मी गप्प बसून कागदाचा साचा काढला.
बैलाचं कातडं, पाठीकडचं,
मधेच काटेरी तारेचा जुना ओरखडा.
रापी आधी त्याला टाळून फिरवली,
मग परत आले आणि त्याला आत घेतलं.
कडा छिलून पातळ केल्या,
कातडं कोमट पाण्यात बुडवलं,
बुडबुडे थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले.
आरीनं भोक. एका भोकातून दोन सुया,
एक येणारी, एक जाणारी,
मेण लावलेला दोरा, इंचाला आठ टाके.
नववा बसला असता,
पण कातड्यालाही श्वास लागतो.
ओलं असतानाच पत्र्यावर ताणलं.
दोन दिवस कळ काढली. ते तिसऱ्या दिवशी बसलं.

तो आला, हात फिरवला, वाकून वास घेतला.
आणि मी, वडिलांची मुलगी, विचारून बसले:
मागं कोण बसायचं?

ऑड्री. बहीण.
एकोणीस वर्षं सोडलं तिला
विलेनहॉलच्या कुलपांच्या कारखान्यात,
सकाळी सहाला, धुक्यात, बर्फात.
थांबला जरासा. का?

ती डावीकडं कलून बसायची.

नाही, म्हणाला. गाडीच डावीकडं ओढायची.
तीन मेकॅनिकना दाखवली,
पुढचं चाक दोनदा बदललं,
मी आपला आयुष्यभर उजवीकडं रेटत…

मग बोलणं राहिलं.
खिडकीबाहेर कालव्यावरून एक बदक
कुरकुरत गेलं, ते आम्ही दोघांनी नीट पाहिलं.

तिचा उजवा डोळा नव्हता, म्हणाला.
लहानपणीच गेला. माझ्या खांद्याआडून
तिला रस्ता दिसत नसणार.
डावीकडून बघत असणार.
नुसती बसली असती तरी चाललं असतं की,
चालवत तर मी होतो.

पैसे मोजले. सुटे नव्हते, मीही मागितले नाहीत.

सीट सपाटच केली होती मी,
सांगितली होती तशी.
फक्त फोमऐवजी लोकर भरली,
आणि खाली, पत्र्याच्या कडेला,
एक चीर ठेवली चार बोटांची,
कच्च्या दोऱ्यानं टाचलेली.
प्रत्येक खोगिराला असते ती.
भरलेलं काढता यावं म्हणून.

हे त्याला दाखवलं.
कुठल्या बाजूला, ते त्यानं विचारलं नाही.
बोटानं चाचपलं,
आणि सीट चादरीत गुंडाळायच्या ऐवजी
चादरच काखेत मारली,
सीट डोक्यावर घेतली
आणि जिना उतरला, अजून उजवीकडं झुकत.